ज्या बिल्ल्याला कंपनी नव्हती

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बराकपूरच्या घरी भरतकामाची रिंग घेऊन बसले होते. रिंगही त्यांनीच दिलेली... सियालदाहला उतरून त्यांच्या भवानीपूरच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आज महिना झाला. त्या असेपर्यंत पाळायचा शब्द मी दिला होता. आता तो सुटला, म्हणून लिहिते आहे.

आमची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. मालतीताई जन्मापासून कलकत्त्याच्याच, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. डावखुऱ्या होत्या. दोरा संपला की मागच्या बाजूला डावीकडे एक दुहेरी फास टाकायच्या, तसा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. मी अगदीच आळशी शिष्या, पण बोलणी खाऊन खाऊन तो फास माझ्या डोळ्यांत बसला होता.

त्यांचे यजमान नाना फोर्ट विल्यममध्ये, लष्कराच्या कचेरीत, कारकून होते आणि त्यांना टोप्यांवरचे बिल्ले जमवायचा नाद होता. लष्करी बिल्ला कुठला, ते ऑफिसात कुणीही सांगे. पण एकदा एस्प्लनेडच्या फुटपाथवर त्यांना व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्याचा जरीचा बिल्ला मिळाला आणि ते इरेला पेटले. नांगर आणि भोवतीची पानं बहुतेक सगळ्यांची सारखीच, कंपनी ओळखायची ती मधल्या खुणेवरून. इथे मधोमध होती एक काळवंडलेली चांदणी आणि तिच्या पोटात केशरी ठिपका. नानांनी चित्र काढून जहाज कंपन्यांना पत्रं धाडली. उत्तर एकच, आमचा नाही. नकार आला की नाना हिरमुसायचे, आणि मालतीताई चक्क शिरा करायच्या!

बिल्ला घरात आल्यापासून मालतीताई दाराला कडी लावू देईनात. शहरात तेव्हा रोज खून पडत; ते दिवस कसे होते हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. दिवेलागणीलाच गल्ली दारं लावून गप्प बसायची. "अगं, गळा कापून जाईल कुणीतरी," नाना ओरडायचे. "असू दे," एवढंच उत्तर. शिवाय जिना उतरताना वळणावर त्या थबकायच्या, पदर आवरून भिंतीला चिकटायच्या, वर जाणाऱ्याला वाट द्यावी तशा. जिन्यात कुणी नसायचं. मला वाटे, धाप लागत असेल.

आमची शेवटची भेट दुपारची. नाना ऑफिसात होते. मालतीताईंनी बिल्ला उलटा करून माझ्या हातावर ठेवला. "मागची बाजू बघ, सुधा." डावीकडे दुहेरी फास... हा तर त्यांचाच टाका!

"चांदणी नाही ती, प्राजक्त आहे," त्या म्हणाल्या. "दिनूच्या टोपीवरची खूण झुरळांनी खाल्ली होती आणि दुसऱ्या दिवशी बोट सुटायची. म्हटलं, आण, फूल भरून देते, तुझ्या कॅप्टनला काय कळतंय! नाना तेव्हा फिरतीवर होते."

दिनू मालतीताईंचा धाकटा भाऊ, व्यापारी जहाजावर अधिकारी होता. भर समुद्रात एका सकाळी तो बोटीवर नव्हता. कंपनीने त्याची पेटी घरी पाठवली. पेटीत टोपी नव्हती.

"मग हा फुटपाथवर कसा?"

"मी गेले होते विचारायला. तो विक्रेता म्हणाला, 'भद्रलोक निजेइ दिये गेलेन, माशिमा. बोललेन, बाड़ि काछेइ.' स्वतः देऊन गेला गं. घर जवळच आहे म्हणाला."

"नानांना का नाही सांगत?"

"ते शहाणे आहेत. म्हणतील, प्रेतावरून कुणीतरी काढला. बिल्ला ओळखला की दिनू मेला. मी आहे तोवर बोलू नकोस."

मी बोलले नाही. परवा मात्र नानांकडे गेले. टेबलावर आणखी एका कंपनीला लिहिलेलं अर्धं पत्र होतं. मी सगळं सांगितलं. बिल्ल्याची मागची बाजू त्यांनीही कितीदा पाहिली होती, पण बायकोचे टाके कोण बघतो? त्या फासावरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. "म्हणजे शिरा त्यासाठी..." म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

निघाले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. नाना दारापर्यंत आले. सवयीने कडीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"असू दे," म्हणाले.

जिना रिकामा होता. वळणावर मी पदर आवरला, भिंतीला टेकून उभी राहिले... आणि वाट दिली.