जिवंत चिवडा

माझे दाजी लातूरला राहतात. कचेरीतून निवृत्त झाल्यावर सहा महिने ते घरातल्या घरात फेऱ्या मारत होते आणि अक्काच्या म्हणण्याप्रमाणे, भाजी निवडायलासुद्धा तिच्याकडून अर्ज मागत होते. मग त्यांना पोटाला उपकारक जिवाणूंचा शोध लागला. दह्यात असतात तसलेच, पण वाळवून पुडीत भरलेले. ते चिवड्यात घालून विकायचं ठरलं आणि हा माणूस पुन्हा पहाटे उठून शीळ घालायला लागला.

शुभारंभाला मी नांदेडहून पहिल्या एसटीनं पोचलो. मांडव, हार, रिबीन आणि फलकावर ठळक अक्षरांत ‘जिवंत चिवडा’. अकरा वाजता एक पुढारी येणार होते. आदल्या आठवड्यात म्हणे त्यांनी एका बोअरला हार घातला होता.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. सवयीनं विचारलं, “दाजी, पूड घातली कधी?”

“फोडणीत. मोहरी तडतडली की लगेच. सगळीकडं सारखी लागते.”

“उकळत्या तेलात?”

“मग? तुमच्या नांदेडात गार तेलाची फोडणी देतेत का?”

मी रिकामी पुडी उचलून वाचून दाखवली : गार पदार्थातच मिसळावे. “दाजी, एकही जिवाणू वाचला नसेल.”

ते मटकन खुर्चीत बसले. “मास्तर, गावभर सांगून बसलोय की हो. फलक लागलाय.”

त्यांचा चेहरा बघवत नव्हता, आणि नेमकं तेव्हाच मला असं हसू फुटलं की रुमाल तोंडात कोंबावा लागला. दाजींनी ते पाहिलं आणि त्यांचाही बांध फुटला. दोन पोक्त माणसं मांडवात डोळे पुसत हसताना पाहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, चिवड्याचाच गुण.

अक्का बाहेर आली. “काय खिदळत बसलात दोघं? माणसं आलीत!”

ऐकल्यावर ती म्हणाली, “एवढंच ना? जेवणासाठी घागरभर ताक केलंय. उरलेल्या पुड्या त्यात टाका.”

मी ‘चिवडा’वर कागद चिकटवून फळ्यावरच्या अक्षरात ‘ताक’ लिहिलं. पुढारी आले, रिबीन कापली आणि ताकावर पंधरा मिनिटं असे बोलले, जणू महिनाभर तयारी केली होती. “या जिवाणूंच्या पाठीशी आपण खंबीरपणे उभे आहोत,” म्हणाले. टाळ्या पडल्या. कुणीतरी पेला त्यांच्या हातात दिला.

एवढ्यात अक्का धूर निघणारी पळी घेऊन घागरीकडं धावत आली. हिंग-जिऱ्याचा खमंग वास सुटला. “थांबा, फोडणी राहिली! बिनफोडणीचं ताक पाहुण्याला देत न्हाईत आमच्यात.”

दाजींनी सगळ्यांदेखत घागरीला मिठी मारली. “अगं नको! लेकरं हायत त्यात!”

पुढाऱ्यांनी आपल्या पेल्यात वाकून पाहिलं, मग अदबीनं एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला. दाजी स्वतः वाढायला उठले.