देव्हाऱ्यातला निकेलचा वाघ

आमच्या मारेगावकडच्या घरात देव्हारा म्हणजे एक फळी होती, आणि तिच्यावरचा सगळ्यात मोठा देव म्हणजे निकेलची अधेली, आठ आण्यांचं नाणं. चांदी महाग झाली तेव्हा सरकारने ही पांढरी नाणी काढली होती. एका अंगाला राजा, दुसऱ्या अंगाला वाघ. आईने राजाला लाखेने फळीवर चिकटवून टाकलं आणि वाघाला टिळा लावला. टाक घडवायला चांदी आणणार कुठून? शिवाय चांदीचे टाक काळे पडतात, हा वाघ मात्र वर्षानुवर्षं लख्ख. निकेल काळवंडत नाही, हे मला पुढे शाळेत कळलं. आईच्या मते तो देव जागृत होता.

तिच्या लग्नाआधी तिच्या भावाला गुरं चारताना वाघाने नेलं होतं. माती द्यायलाही काही सापडलं नाही. तेव्हापासून तिची वाघदेवाशी बोली होती: मी हात जोडते, तू माझ्या लेकरांकडे पाहू नको. यात हसण्यासारखं काही नाही. आम्ही भावंडं जिवंत होतो, तिला तेवढा पुरावा पुरे होता.

छप्पन साली वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले. वस्तीने आपापले देव गोळा करून नदीत सोडले. आमचेही गेले, पण अधेलीपाशी आई आडवी आली.

“हे नाणं हाये, देव नोहे,” वडील म्हणाले.

“मंग नाणं बुडवता कायले?”

वडील हटले नाहीत. “मंग बजारात खर्च करून टाक. घरात नको.”

त्या दिवशी आई जेवली नाही. वडील तिच्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, “मले बी भेव वाटते. पन आता त्याच्यापुढं वाकायचं नाही.”

बाजाराच्या दिवशी तिने लाख खरवडली, चिंचेने नाणं घासलं. राजाचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कासाराने अधेली दगडावर वाजवून डब्यात टाकली आणि माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. आई डब्याकडेच पाहत होती. मी मात्र बांगड्या वाजवत मूर्खासारखी खूश.

परतीची वाट पळसाच्या रानातून, नाल्याच्या काठाने होती. लख्ख ऊन असूनही आईने माझं मनगट असं आवळलं की नव्या बांगड्या पिचल्या. मी रडले, तरी तिने हात सोडला नाही. वडिलांनी शिकवलेल्या वंदनेची तिला पहिलीच ओळ येत होती. तीच ती पुटपुटत राहिली.

वस्ती दिसली तशी ती वाटेतच बसली, मला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडू लागली. रडता रडता ती भावाला हाक मारत होती. वाघदेव कोपेल म्हणून भावाचं नाव तिने आमच्यापुढे आजवर कधी काढलं नव्हतं.