फणसाच्या पेट्या आणि सुंदरामामीचं एक वाक्य

एका जुन्या गाडीत चार माणसं चार महिने डोकं घालून बसली की गाडी दुरुस्त होते की नाही ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र आपोआप साठतात. आमच्याकडे इतके साठलेत की आता कुणी कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, प्यायला आलं, तर कप खाली ठेवायच्या आत एक सुरू होतो.

गाडी कृष्णाजीमामांची. निळा पिकअप, माझ्या दुप्पट वयाचा, गोल दिव्यांचा, समोर एकच लांब सीट. मामा त्यातून चाळीस वर्षं नारळ वाहत आले. मी शाळा पुण्यात आणि ध्वनीचं शिक्षण स्कॉटलंडमध्ये करून तंजावूरला परतले ती एक निश्चय करून: आपल्या भागातले कर्णकर्कश भोंगे गेले पाहिजेत, स्वच्छ आवाज हा सगळ्यांचा हक्क आहे. हे मी येईल त्याला सांगत होते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून एक कॅसेट काढली. वर तमिळ अक्षरांत मराठी लिहिलेलं: ‘सुंदरा, तिरुवैयारु, गाडी’.

सुंदरा म्हणजे मामी. ती आठवड्यातून एकदा तिरुवैयारुला गाणं शिकवायला जायची. जाताना एका शिष्येचा धडा गाडीतच व्हायचा, आणि मधे मांडीवर टेपरेकॉर्डर. या कॅसेटवर इंजिन आहे, रस्ता आहे, मामांची शीळ आहे, आणि पंचमावर अडखळणारी मुलगी आहे. मग मामी गाणं थांबवून काहीतरी बोलते. एकच वाक्य, आणि ते आजवर कुठल्याच यंत्रावर कळलेलं नाही.

“शिव्याच असणार,” मामा म्हणाले. “माझ्या शिळेला ती घसरलेला टायर म्हणायची. घरात बंदीच होती. पण त्या दिवशी कुठली शिवी दिली ते कळू दे ग. अकरा वर्षं झाली तिला जाऊन.”

मी आवाज कॉम्प्युटरवर स्वच्छ केला. इतका स्वच्छ, की इंजिनाबरोबर मामीही गेली. मामांना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, ती गाडीत बोलली ना, मग गाडीतच ऐकू येईल. गाडीत स्पीकर बसव.

*

सोपा उपाय असा की त्या शिष्येलाच विचारावं. ती आता चेन्नईत बँकेत अधिकारी आहे. तिला फोन केला. मामींचं नाव काढताच तिचा आवाज हलला. डोळ्यांत पाणी आलंय म्हणाली. असे गुरू मिळत नाहीत म्हणाली. मी विचारलं, त्या दिवशी गाडीत काय झालं ते आठवतं का?

“म्हणजे काय! स्पष्ट आठवतं. सात वर्षांची होते मी. वेण्णार नदीच्या पुलावर मला उलटी झाली.”

आणखी? आणखी काही नाही.

*

पहिला बेत दारांत स्पीकर बसवायचा. सेल्वम मेस्त्री या गाडीचे जुने डॉक्टर. त्यांनी आणि मी मिळून दारांची खोली मोजली, पत्रा कापला, स्पीकर घट्ट बसवले. मी मागे सरून बघितलं. सुंदर दिसत होते.

मामा आत बसले आणि हँडल फिरवून काच खाली करू लागले. काच अर्ध्यावर आली आणि खट्ट. आम्ही सगळी मापं काच वर असताना घेतली होती!

मी म्हटलं, मामा, थोडी उघडते की, हवा येईल. मामा म्हणाले, हवेचं नाही. त्यांनी उजवं कोपर वर उचललं, अर्ध्या काचेवर टेकवून पाहिलं, आणि खाली उतरले. “कोपर बाहेर नसलं तर ही गाडी वळत नाही.”

मेस्त्रींनी गंभीरपणे मान हलवली. दारांवर पुन्हा पत्रा चढला.

*

मेस्त्री राहूकाळात वायरला हात लावत नाहीत. रविवारी साडेचार ते सहा त्यांचं काम बंद. मी त्यांना समजावलं की विजेला घड्याळ कळत नाही. वीज म्हणजे काय हे अगदी मुळापासून समजावलं. त्यांनी चहा पीत पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “खरं आहे पापा.” पापा म्हणजे तमिळमध्ये लहान मुलगी. मी सत्तावीस वर्षांची आहे.

मग मीच अँप्लिफायर जोडला. आजकालच्या गाडीत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं. या गाडीत धन टोक होतं. ते मला धूर निघाल्यावर कळलं.

मेस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच.

सहा वाजता उठून त्यांनी सगळं वायरिंग उलटं करायला घेतलं. मी म्हटलं, ही चूक राहूची नाही, माझी आहे, मी प्लस-मायनस तपासलं नाही. मेस्त्री म्हणाले, “बरोबर. राहूनं तपासलं होतं.”

*

दारांचा बेत फसला, तेव्हा सीटच्या मागे लाकडी पेट्या करायच्या ठरल्या. तंजावूरात चांगलं लाकूडकाम म्हणजे वीणा घडवणारे. पेरुमाळ आचारींकडे गेलो; आचारी म्हणजे इकडे सुतार, स्वयंपाकी नव्हे. त्यांच्या अंगणात फणसाचे ओंडके वाळत पडलेले. मी नकाशा पसरला आणि तळमळीनं सांगितलं: वीणेचं लाकूड गायला हवं, पण स्पीकरची पेटी मुळीच गाता कामा नये. पेटी पूर्ण गप्प हवी, तरच आवाज खरा येतो.

आचारी एकेका फळीवर बोटानं टकटक करून कान लावत होते. मला वाटलं ऐकत नाहीत. मग म्हणाले, “गप्प लाकूड मी घडवत नाही. ते चुलीत घालतात.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी पेट्या फणसाच्याच झाल्या, पण मी आतून कापूस ठासून भरला, म्हणजे गप्प बसतील. आचारींनी सूडही उगवला. दोन्ही पेट्यांच्या टोकाला वीणेला असतं तसं याळीचं तोंड कोरून बसवलं. सिंहासारखे दोन प्राणी आता मामांच्या मानेकडे दात दाखवत बघतात.

*

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पहिली चाचणी घेतली. मी माझ्याच आवाजात एक ते दहा आकडे रेकॉर्ड केले होते. गाडी हळूहळू पुढे, मागे स्पीकरमधून “एक… दोन… तीन…”

घराघरांची दारं उघडली. बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. आमच्याकडे आवाज करत गल्लीत येणारी गाडी म्हणजे कांदेवाला. आमच्या शेजारच्या रुक्माबाईंनी मागचा रिकामा हौदा बघितला आणि मला विचारलं, “काय विकूलालीस ग?”

मी सांगितलं, काही विकत नाही, आवाज तपासतेय. मग राहवलं नाही, म्हणून स्वच्छ आवाज म्हणजे काय तेही सांगितलं. भोंग्यानं कानांचं काय होतं तेही सांगितलं. रुक्माबाईंनी पिशवी काखेत धरून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, “छान शिकलीस. कांदा उद्या आण.”

*

आणि मग तो दिवस. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, राहूकाळ टळल्याची मेस्त्रींनी खात्री केली. पुढे मामा, मी आणि आचारी, मागे हौद्यात मेस्त्री. तिरुवैयारुचा रस्ता. मेस्त्रींनी जुन्या बाजारातून शोधून आणलेल्या टेपमध्ये कॅसेट घातली.

इंजिन अप्रतिम ऐकू आलं. चारही सिलिंडर वेगवेगळे मोजता येत होते. मुलगी पंचमावर अडखळली, मामी थांबली, बोलली, आणि नुसतं पुटपुटणं आलं. मामा रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, “असू दे ग. खूप केलंस.”

मला रडू येत होतं. चार महिने, सगळं शिक्षण, आणि नुसतं इंजिन.

आचारींनी मागे हात घातला, एका पेटीचं झाकण सरकवलं आणि मूठ मूठ कापूस उपसून माझ्या मांडीवर ठेवू लागले. मग दुसऱ्या पेटीतला. माझी मांडी दिसेनाशी झाली. “आता लाव,” म्हणाले.

मी टेप मागे घेऊन लावली. इंजिन मागे सरलं. फणसानं काय केलं, मला आजही नीट मांडता येत नाही. मामी आमच्या मानेमागून बोलली, शिकवणाऱ्या बाईच्या त्या ठणठणीत आवाजात:

“पंचम कुठं चालला तुझा? ते शीळ घालूलालेत बघ, त्यांच्यातनं धर. बरोबर आहे त्यांचा. आणि सांगू नको त्यांना, मग थांबायचे नाहीत.”

मागून बसचा हॉर्न वाजला. आमची गाडी वेण्णारच्या पुलावर, मधोमध उभी होती. मामांनी बोटानं खूण केली, परत. मी परत लावलं. पुन्हा खूण, पुन्हा लावलं.

मग त्यांनी गिअर टाकला, कोपर खिडकीबाहेर काढलं, आणि तिरुवैयारु येईपर्यंत शीळ घालत गेले. स्पीकर बंद करून.