गिनीपिगचं गजकर्ण

वडील जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायचे. मी सातवीत असताना त्यांनी तिथून गिनीपिगची एक जोडी पिंप्राळ्याच्या आमच्या घरी आणली. आम्ही दोघी बहिणी त्यांना मांडीवरून खाली ठेवायलाच तयार नसायचो.

महिन्याभरात मादीच्या नाकाजवळचे केस गेले, तिथे खपली धरली. मग माझ्या मनगटावर लाल गोल चट्टा उठला, पाठोपाठ बहिणीच्या गळ्यावर, आणि धुळ्याहून चार दिवसांसाठी आलेल्या आत्याच्या दंडावरही.

"मना हातवर बी उनं हाई!" आत्या कडाडली. "हाई उंदीर घरमा कसाले?"

"अक्का, उंदीर नाहीत ते," वडील पुटपुटले. आठवडाभर ऐन उन्हाळ्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडत होते. आत्याने त्यांची बाही वर सारली. कोपराजवळ चांगले दोन चट्टे! आईला हसू आवरेना.

त्वचेच्या डॉक्टरांनी आम्हाला मलम दिलं आणि बजावलं, "आधी त्या जनावरांना बरं करा, नाहीतर पुन्हा याल."

जनावरांच्या दवाखान्यात एक बैल आणि दोन शेळ्या यांच्यामागे आमचा नंबर लागला. नोंदवहीत काय लिहावं हे डॉक्टरांना कळेना. शेवटी त्यांनी 'ससा (लहान)' असं लिहिलं. मग म्हणाले, "दोघांनाही रोज मलम लावा. पिंजऱ्यातलं गवत जाळून टाका, पिंजरा ब्लीचिंग पावडरने धुऊन उन्हात ठेवा. आणि बरे होईपर्यंत मांडीवर घेणं बंद."

हे शेवटचं ऐकून आम्ही दोघी तिथेच रडलो.

मलम लावताना मादी इतकी किंचाळायची की मी तिला अर्ध्यातच पिंजऱ्यात सोडून द्यायचे. तिसऱ्या दिवशी आत्याने मला बाजूला केलं. हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, मादीला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि वासराशी बोलावं तशी बोलत मलम चोळलं. मादी गप्प!

त्यानंतर ते काम आत्याचंच झालं. धुळ्याला जायचं रोज पुढे ढकललं जाऊ लागलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिने सगळ्यांना हाक मारली, "आते दखा!" नाकाजवळ बारीक काळी लव आली होती. आमचे चट्टे तर कधीच गेले होते.

निघताना आत्या वडिलांना म्हणाली, पिल्लं झाली की पत्र टाक. पावसाळ्यात तीन झाली. पत्र मिळालं त्याच दिवशी ती झाकणाची टोपली घेऊन एसटीत बसली.