ताज्या ताकाची आंबील

कडूबाई माझी धाकटी बहीण. तिचा नवरा बन्सीधर साखर कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहायचा, आणि ऊस उतरला की शिंदीच्या दुकानात स्वतः आडवा व्हायचा. बैल शहाणे, ते रिकामी गाडी घेऊन घरी यायचे. अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला मी बहिणीला माहेरी आणलं आणि चारचौघांत सांगितलं, दारू सुटल्याशिवाय ही नांदायला येणार नाही. मी तापट माणूस आहे. बोललो की बोललो.

दिवाळीनंतर कळलं, दाजी आपल्या पायानं परभणीच्या सरकारी दवाखान्यात भरती झाले. तीन आठवडे राहिले. घरी येताना रोज घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. गोळीवर दारू प्यायली तर जीव नकोसा होतो म्हणे. मी म्हटलं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. कडूबाई चूल फुंकत राहिली.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, दाजींचं आवतन आलं. रानात कडब्याची खोपटासारखी कोप करायची, भज्जी-उंडे खायचे, आंबील प्यायची. या सणाचं आवतन कुणी मोडत नाही. कडूबाईनं ज्वारीचं पीठ ताकात कालवून दोन दिवस मडक्यात आंबवलं, आणि ते मडकं डोक्यावर घेऊन दोन कोस माझ्यापुढं तरातरा चालली.

कोपीत पूजा झाली. तिनं पहिली वाटी दाजींपुढं धरली. ते मागं सरकले.

"नगं."

तिचा हात तसाच राहिला. येळवशीला आंबिलीला नको म्हणणारा माणूस आमच्या मुलखात मी पाहिला नव्हता. मला वाटलं, याच्या पोटात आधीच दुसरं काहीतरी आहे. मी ताडकन उठलो. "चल कडू, घरी. ह्यो काय सुधरत न्हाई!"

"तसं न्हाई, पाव्हणं." दाजींनी खिशातून गोळ्यांची पुडी काढली. बोटं थरथरत नव्हती. "डाक्टर म्हनले, गोळी चालू हाय तवर आंबलेलं काईच तोंडाला लावू नगा. आंबिलीचं इचारायचं ऱ्हाऊन गेलं. मला लय भेव वाटायलंय."

कुणाला न भिणारा हा माणूस वाटीभर आंबिलीला भीत होता. मी खाली बसलो. तेवढी लाज मला कधीच वाटली नाही.

कडूबाईनं ती वाटी माझ्या हातात दिली. "दादा, मडकं तुमीच रिकामं करा. मी आता हितंच ऱ्हाते."

दाजींच्या गोळ्या बंद होऊन आता चार वर्षं झाली. आंबील चालेल, असं डॉक्टरांनीही सांगितलंय. तरी कडूबाई अजून येळवशीच्या सकाळीच ताज्या ताकात पीठ कालवते. ना चव, ना ढव. पाहुणे एकमेकांकडं बघत कसेबसे घोट घेतात. मी तीन वाट्या पितो, आणि चौथी मागून घेतो.