अण्णांची रेघ

माणसाने घाबरावं तरी किती! शाईवाला दवाखान्यातल्या बाकावर उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. शेजारी बायको.

वर्तमानपत्रात रोज छापून येणारी टकलूशेठची चित्रपट्टी मूळ अण्णांची. अण्णा पेन्सिलीने काढायचे, हा वरून शाई फिरवायचा, म्हणून शाईवाला. पेन्सिलीची रेघ केसभरही सोडायची नाही, हा अण्णांचा दंडक. म्हातारपणी अण्णांचा हात कापायला लागला, तर याने तो कंपसुद्धा इमानेइतबारे गिरवला. टकलूशेठचं पोट थुलथुल हलायला लागलं आणि लोकांना तेच आवडलं. आहे की नाही गंमत!

अण्णा गेले. संपादक म्हणाले, "पट्टी तू चालव, पण वाचकांना पत्ता लागता कामा नये." मग हा शहाणा हात मुद्दाम कापवायला शिकला. वर्षानुवर्षं कापवला. "अगदी अण्णांचाच हात!" अशी पाठीवर थाप पडली की स्वारी खूश.

परवा त्याने रिकाम्या कागदावर सहज एक मांजर काढलं. मुद्दाम काहीएक केलं नव्हतं, तरी मांजर थरथरलं. अण्णांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. आधी रेघ गेली, मग शर्टाची बटणं, मग घास. शेवटचे घास यानेच भरवले होते. बायकोला सांगताना बापड्याला रडूच फुटलं.

"आधी तपासून तर घ्या," म्हणत तिने त्याला इथे आणलं होतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. "वर्तुळ काढा."

वर्तुळ थरथरलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली आणि याच्या तोंडचं पाणी पळालं. मग काठोकाठ भरलेला पेला हातात दिला. थेंब सांडला नाही. सुईत दोरा ओवायला सांगितला, ओवला. नाव लिहायला लावलं, अक्षर सरळ. पुन्हा वर्तुळ काढायला लावलं, तर ते पुन्हा थरथरलं.

"काम काय करता हो तुम्ही?"

बायकोनेच सगळं सांगितलं. डॉक्टर हसायला लागले. "हात ठणठणीत आहे. आजार नाही, सवय आहे. तुम्हीच लावलेली."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "उगाच माझा जीव टांगणीला लावलात!"

शाईवाला हसला नाही. त्याने कागद पुढे ओढला आणि दातओठ खाऊन आणखी एक वर्तुळ काढलं. मग आणखी एक. सगळी तशीच.

"डॉक्टर, ही अण्णांची रेघ आहे. माझी कशी होती, तेच आठवत नाही हो." तो बायकोकडे वळला. आता त्याचा आवाजही कापत होता. "अगं, तू तरी पाहिली असशील ना?"

लग्न होऊन ती घरात आली, तेव्हाही तो अण्णांच्याच रेघांवर शाई फिरवत होता.