जावयाचं देवक

कृष्णातच्या खिशात कायम पक्कड असायची. झाडाला ठोकलेली पाटी दिसली की तो थांबायचा, खिळा उपटायचा, सालीवरून अंगठा फिरवायचा आणि पुढं चालू लागायचा. साताऱ्यात कॉलेजला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि गावी येऊन फुकटचे पेपर वाचत बसलो. तो आमच्या नगरपालिकेत झाडांच्या कामाला लागला.

झाडांचा नवा कायदा नुकताच आला होता. झाड तोडायला परवानगी लागायची. कृष्णातचं तेवढ्यानं भागेना. सभासदांच्या मागं लागून त्यानं गावापुरता ठराव करून घेतला. साधी फांदी तोडायची तरी परवानगी हवी, आणि तोडणाऱ्यानं आधी एक रोप स्वतःच्या हातानं लावायचं.

त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी विजयमाला, गावातल्याच नानासो सुभेदारांची. नानासो पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या दारात कळंबाचं जुनं झाड होतं. गावात कळंब तेवढा एकच. नानासोंना तो पाडून ट्रॅक्टरसाठी शेड बांधायची होती. त्यांनी अर्ज दिला. कृष्णातनं तो नामंजूर केला.

"सासऱ्यालाच नकार?" मी विचारलं.

"अजून सासरे झाले न्हाईत, गड्या."

नानासो तरातरा कचेरीत आले. "नियम म्हंजे नियम व्हय? बरं. आमीबी पलटणीतली माणसं हाय. नियम आमालाबी येतो."

हळदीच्या दिवशी देवक आणायची वेळ झाली. देवकाची डहाळी मांडवात बांधल्याशिवाय आमच्याकडं लग्न लागत नाही. कृष्णातच्या घराण्याचं देवक, म्हणजे कुळानं पूजायचं झाड, कळंब. मला ते त्या दिवशी कळलं.

हलगी वाजत निघाली. पुढं कृष्णातचे चुलते जोतिबाकाका, खांद्यावर कुऱ्हाड. मागं आम्ही सगळे, फेटा बांधलेले नगराध्यक्षसुद्धा. नानासो झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"कुऱ्हाड घिऊन कुठं?"

"देवकाला फांदी न्यायची हाय, पाव्हणं."

"परवाना?"

हलगी थांबली.

"आवं, लग्न तुमच्याच पोरीचं हाय!" काका म्हणाले.

"हुकूम तुमच्याच पोराचा हाय."

मला कृष्णातकडं पिटाळलं. कृष्णात हळदीनं माखून पाटावर बसला होता.

"नुसतं हो म्हण," मी म्हणालो.

"माझ्याच लग्नाला मीच परवानगी देऊ?"

"अरे, देवकाशिवाय लग्न मोडेल!"

त्याचा चेहरा उतरला.

"हे तुझं देवक आहे, एवढं तरी नानासोंना आधी सांगायचं. त्यांनी अर्जच दिला नसता."

"मग झाड माझ्यासाठी वाचलं असतं," तो म्हणाला. "गावासाठी न्हाई."

साताऱ्यात इतकी वर्षं मी कुणाबरोबर राहत होतो?

"अध्यक्ष तिथंच हायत न्हवं? त्यांना विचार. मी रोप घिऊन आलोच."

हळदीच्या अंगानं नवरदेव बाहेर निघाला म्हणून बायकांनी गिल्ला केला. मी पुढं पळालो.

तिकडं नानासोंची बहीण रंगूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दादा, कुनाच्या देवकावर कुऱ्हाड घालाय निगाला हुतास, ठावं हाय का? जावयाच्या!"

"मला कुनी सांगितलं?"

"सोयरीक जुळवताना देवकं मी बघितली. तू जमीन आन् नोकरी बघत हुतास."

नानासो खुर्चीतून उठले. वर झाडाकडं बघितलं. "मग ह्यो गडी मला बोलला का न्हाई?"

कृष्णात जे म्हणाला होता ते मी सांगितलं. नानासोंनी मिशीवरून हात फिरवला.

"लय वंगाळ माणूस हाय," ते म्हणाले. "पोरगी द्यायलाच पायजे."

तेवढ्यात नवरदेव आला. पिवळा, धापा टाकत, काखेत कडुनिंबाचं रोप. अध्यक्षांनी फांदीला परवानगी दिली. नानासोंनी स्वतः पहार आणून दिली आणि जावयाचा खड्डा खणून, रोप लावून होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग काकांनी डहाळी तोडली. हलगी कडाडली. शेड आता मागल्या दारी होणार, असं नानासोंनी परस्पर जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी लग्न त्याच कळंबाखाली लागलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. कृष्णात मात्र नवरीच्या डोक्यावरून पलीकडं बघत होता. मांडववाल्यानं दिव्याची वायर खोडाला खिळा मारून अडकवली होती.

विजयमालानं वळून पाहिलं. मग हार सावरत हळूच विचारलं, "पक्कड आणलीया का?"